विजयी सेनापतीला परतीचा हुकूम : गिलरेचे एक व्यंगचित्र कसे वाचावे?

१/ ७ जून १७८२ रोजी लंडनमध्ये जेम्स गिलरे या पंचविशीतील चित्रकाराचे एक व्यंगचित्र प्रसिद्ध झाले. सिंहासनावर राजा तिसरा जॉर्ज बसला आहे. त्याच्यापुढे गुडघे टेकून ॲडमिरल रॉडनी पराभूत फ्रेंच सेनापती द ग्रास याला हजर करीत आहे. चित्राचा खरा डंख मात्र बाजूला उभ्या असलेल्या दोन मंत्र्यांसाठी आहे.

२/ हे मंत्री नुकतेच सत्तेवर आले होते. अमेरिकेतील युद्धाच्या अपयशामुळे मार्च १७८२ मध्ये लॉर्ड नॉर्थचे सरकार पडले आणि रॉकिंगहॅमच्या नेतृत्वाखाली व्हिग पक्षाला सत्ता मिळाली. चार्ल्स जेम्स फॉक्स परराष्ट्रमंत्री झाला. नौदल खाते ॲडमिरल केपेलकडे गेले.

३/ त्या काळी नौदलाचे सेनापतीही राजकीय गटांत विभागलेले असत. केपेल व्हिग, तर रॉडनी नॉर्थचा समर्थक. १७७८ च्या उशांतच्या अनिर्णित लढाईनंतर केपेलवर लष्करी न्यायालयात खटला चालला आणि तो निर्दोष सुटला. त्या प्रकरणाने ही दरी आणखी रुंदावली. शिवाय १७८१ मध्ये रॉडनीने कॅरिबियन समुद्रातील सिंट युस्टेशियस हे डच बेट जिंकून तेथील व्यापाऱ्यांची मालमत्ता सरसकट जप्त केली होती. त्यावरून एडमंड बर्कने संसदेत त्याला धारेवर धरले होते.

४/ नव्या सरकारने रॉडनीच्या जागी ह्यू पिगॉटची नेमणूक केली. पिगॉट हा व्हिग खासदार. कित्येक वर्षांत त्याने समुद्रावर नेतृत्व केले नव्हते.

५/ इकडे हे ठरत असताना, १२ एप्रिल रोजी सेंट्स बेटांजवळ रॉडनीने फ्रेंच आरमाराचा पराभव करून ५ युद्धनौका आणि खुद्द द ग्रास यांना ताब्यात घेतले होते. ही बातमी लंडनला पोहोचली १८ मे रोजी. पिगॉटला थांबविण्यासाठी तातडीने निरोप धाडला गेला. पण तो निघून गेला होता.

६/ गिलरेला हवे ते आयतेच मिळाले. चित्रातील फॉक्सच्या बोलण्याचा आशय असा : हा फार चांगला लढतो, म्हणून याला परत बोलावलेच पाहिजे; शिवाय पिगॉटचे आपल्यावर उपकार आहेत, कारण फॅरो या पत्त्यांच्या जुगारात तो आपल्याकडे १७,००० पौंड हरला आहे. हातात यादी घेतलेल्या केपेलला उशांतची हुकलेली संधी आठवते.

७/ आता चित्राची उलटतपासणी. हा प्रसंग घडलाच नव्हता. जूनमध्ये रॉडनी आणि द ग्रास दोघेही इंग्लंडबाहेर होते. द ग्रास उन्हाळ्याच्या अखेरीस आला. पिगॉटकडे सूत्रे सोपवून रॉडनी सप्टेंबरमध्ये परतला. तोवर त्याच सरकारने त्याला बॅरन करून वार्षिक २,००० पौंडांचे निवृत्तिवेतनही दिले होते.

८/ चित्राने एक गोष्ट सोयीस्करपणे वगळली. रॉडनी स्वतःच जुगारी होता. कर्जबाजारी होऊन तो काही वर्षे पॅरिसमध्ये राहिला. एका फ्रेंच मार्शलने उसने पैसे दिले, तेव्हाच तो मायदेशी परतू शकला.

९/ पिगॉटची नेमणूक का झाली, याचा पुरावा म्हणून हे व्यंगचित्र चालणार नाही. लोकांना कोणता आरोप सहज पटू शकत होता, याचा मात्र ते भक्कम पुरावा आहे. नौदलातील पदे गुणांपेक्षा गटबाजीवर आणि पत्त्यांच्या टेबलावरील हिशेबांवर मिळतात, हा संशय लंडनच्या वाचकांना समजावून सांगावा लागत नव्हता. गिलरेने त्याला फक्त चेहरे दिले.