डबा टीव्हीवरची बंदूक

गेल्या दिवाळीत माळा साफ करताना एका गोणीत आमचा जुना टीव्ही गेम सापडला. पिवळट पडलेला डबा, दोन रिमोट, तीन कॅसेटी आणि वायर गुंडाळून ठेवलेली बंदूक. एका कॅसेटवर ‘९९९९९९९ इन १’ असं छापलेलं होतं. आत गेम पाच-सहाच, तेच तेच नावं बदलून पुन्हा येणारे. नव्वदच्या दशकात ज्यांचं लहानपण गेलं त्यांना हा प्रकार सांगायला नको.

बारा वर्षांच्या भाच्याला दाखवायचं म्हणून आम्ही तो हॉलमधल्या एलईडी टीव्हीला जोडला. मारिओ धावला. कॉन्ट्राही चालला. मग बदकांचा गेम लावला आणि बंदूक भाच्याच्या हातात दिली. त्याने नेम धरला, घोडा ओढला, पडदा लुकलुकला. बदक उडून गेलं. टीव्हीला नळी टेकवून मारलं तरी बदक मरेना. गवतातून तो कुत्रा वर आला आणि हसला.

“मामा, ही खराब झालीये.”

“खराब नाही रे,” मी म्हणालो, “ही अशा टीव्हीवर चालत नाही.”

“का?”

मला सांगता आलं नाही. उन्हाळ्याच्या सुट्ट्यांमध्ये या बंदुकीने मी हजारो बदकं पाडली होती, आणि ती बंदूक काय करते हे मला ठाऊक नव्हतं. शिवाय ती कोणी बनवली, हेही. डब्यावर कसलं तरी भडक नाव होतं, पण ते बनवणाऱ्याचं नव्हतं. त्या ‘का’चं उत्तर शोधता शोधता मी क्योटोपर्यंत पोहोचलो.

*

आमच्याकडे जो टीव्ही गेम होता तो मुळात निन्तेन्दो कंपनीच्या ‘फॅमिली कॉम्प्युटर’ची नक्कल होता. जपानी लोक त्याला लाडाने ‘फॅमिकॉम’ म्हणतात. तो जपानमध्ये १५ जुलै १९८३ रोजी बाजारात आला, किंमत १४,८०० येन. मासायुकी उएमुरा नावाच्या अभियंत्याच्या हाताखाली तो घडला. हाच यंत्रसंच वेगळ्या, राखाडी डब्यात घालून १९८५ साली अमेरिकेत ‘एनईएस’ या नावाने गेला.

फॅमिकॉमच्या पुढच्या बाजूला पंधरा पिनांची एक खाच होती. रिमोट मागून कायमचे जोडलेले होते, त्यामुळे ही खाच रिमोटसाठी नव्हती. पुढे जे काही सुचेल ते जोडायला जागा असावी म्हणून ती ठेवलेली. पुढच्या काही वर्षांत त्या खाचेत आणि इतरत्र जे जे जोडलं गेलं, त्याची यादी आज वाचली तर एखाद्या जत्रेतल्या दुकानासारखी वाटते: बंदूक, कीबोर्ड, पळायची चटई, त्रिमितीय चष्मा, आणि चक्क टेलिफोनची लाइन.

बंदुकीचं घराणं फॅमिकॉमपेक्षा जुनं आहे. निन्तेन्दो ही १८८९ साली सुरू झालेली पत्त्यांची कंपनी. १९६०च्या दशकात ती खेळण्यांकडे वळली. कारखान्यात यंत्रांची देखभाल करणाऱ्या गुनपेई योकोई या तरुणाने फावल्या वेळात एक लांब होणारा चिमटा बनवला होता. १९६६ साली तो ‘अल्ट्रा हँड’ म्हणून विकायला काढला आणि दहा लाखांहून जास्त खपला. उएमुरा तेव्हा शार्प कंपनीत होते आणि प्रकाश पडला की वीज देणारे सेल विकत होते. या सेलचं खेळणं होऊ शकतं, हे निन्तेन्दोत हेरलं गेलं, आणि १९७० साली प्रकाशावर चालणारी खेळण्यातली बंदूक आली. उएमुराही पुढे निन्तेन्दोत दाखल झाले.

१९७३ साली निन्तेन्दोने ओस पडलेल्या बोलिंगच्या हॉलांमध्ये प्रकाशाच्या बंदुकांचे नेमबाजी अड्डे उभारले. त्याच वर्षी तेलाचं संकट आलं, मागण्या रद्द झाल्या आणि कंपनी कर्जात बुडाली. म्हणजे माझ्या गोणीतल्या बंदुकीच्या मागे एक फसलेला धंदा उभा आहे. अकरा वर्षांनी, १९८४ साली, तीच कल्पना लहान होऊन फॅमिकॉमला जोडली गेली. जपानी बंदूक काउबॉयच्या रिव्हॉल्वरसारखी दिसायची. अमेरिकेत तिला अंतराळातल्या शस्त्राचं रूप दिलं आणि नाव ठेवलं ‘झॅपर’.

आता भाच्याच्या ‘का’चं उत्तर. आपल्याला वाटायचं बंदुकीतून काहीतरी निघून टीव्हीवर आदळतं. प्रत्यक्षात बंदुकीतून काहीच निघत नाही. ती बंदूक नसून डोळा आहे. नळीच्या आत एक भिंग आणि प्रकाश ओळखणारा छोटा भाग. घोडा ओढला की गेम क्षणभर पूर्ण पडदा काळा करतो. लगेच पुढच्या चित्रात बदकाच्या जागी एक पांढरा चौकोन काढतो. दोन बदकं असतील तर एकापाठोपाठ एक, वेगवेगळ्या चित्रांत. बंदुकीला आधी अंधार आणि मग बरोबर त्या क्षणी उजेड दिसला, तर नेम लागला. हे सगळं डोळ्याची पापणी लवते न लवते तोवर संपतं. आपल्याला दिसायची ती फक्त लुकलुक.

हे जमायचं ते पिक्चर ट्यूबमुळे. ट्यूबच्या टीव्हीत एक किरण वरून खाली, ओळीमागून ओळ, सेकंदाला पंधरा हजारांहून जास्त ओळी रंगवतो. गेमने चित्र पाठवलं की ते त्याच क्षणी पडद्यावर उमटतं. आजचा टीव्ही आधी चित्र घेतो, त्यावर प्रक्रिया करतो, मग दाखवतो. आपल्या डोळ्याला तो उशीर कळत नाही, बंदुकीला कळतो. शिवाय मूळ बंदूक त्या ओळींच्या वेगाने थरथरणारा उजेडच ओळखते, आणि एलईडी टीव्हीचा उजेड तसा नाही. गेम चौकोन दाखवून बंदुकीला विचारतो, ‘दिसला का?’ चौकोन पडद्यावर पोहोचेपर्यंत प्रश्न संपलेला असतो. म्हणून कुत्रा हसतो.

*

या सगळ्या वस्तूंबद्दल वाचताना मला एक गोष्ट सारखी दिसत गेली. ॲक्सेसरी ही खेळासाठी असते असं आपण धरून चालतो. बऱ्याचदा ती घरात शिरण्याची परवानगी मिळवण्यासाठी असते.

रोबोचंच बघा. १९८३ साली अमेरिकेत व्हिडिओ गेमचा बाजार कोसळला होता. दुकानदार ‘व्हिडिओ गेम’ हे शब्द ऐकायला तयार नव्हते. मग निन्तेन्दोने १९८५च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कमध्ये विक्री सुरू केली तेव्हा कन्सोलला ‘कंट्रोल डेक’ म्हटलं, कॅसेटला ‘गेम पॅक’ म्हटलं, आणि खोक्यात एक प्लास्टिकचा रोबो ठेवला: आर.ओ.बी. रोबो योकोईंच्या चमूचाच. तो टीव्हीसमोर बसायचा, पडद्यावरची लुकलुक डोळ्यांनी वाचायचा आणि हळूहळू हात हलवून भोवरे नाहीतर ठोकळे उचलायचा. बंदुकीचीच युक्ती, उलटी वापरलेली. त्याच्यासाठी गेम निघाले फक्त दोन, आणि तो इतका संथ होता की मुलं कंटाळायची. पण त्याचं काम मुलांना खेळवणं नव्हतंच. हे व्हिडिओ गेम नाही, खेळणं आहे, असं दुकानदाराला वाटावं एवढंच होतं. ते झाल्यावर रोबो गुपचूप बाजूला झाला.

जपानमध्ये १९८४ साली आलेल्या ‘फॅमिली बेसिक’चा कीबोर्ड हा आईवडिलांसाठीचा वेष. मुलगा खेळत नाही, प्रोग्रॅम लिहायला शिकतोय. बंदाईच्या ‘फॅमिली ट्रेनर’ चटईने १९८६ साली व्यायामाचा वेष घेतला. तिच्यावर उभं राहून खरोखर पळावं लागे. पोरं गुडघे टेकून हातांनी थपडा मारून शर्यत जिंकत. १९८८ साली तर मोडेम आला. शेअर दलाली करणाऱ्या नोमुरा कंपनीच्या मदतीने लोक फॅमिकॉमवरून शेअर बाजार बघू लागले. हा वेष वडिलांसाठी. पुढे घोड्यांच्या शर्यतींवर पैसे लावायलाही तोच उपयोगी पडला.

आणि १९८९चा ‘पॉवर ग्लव्ह’. अमेरिकेत मॅटेलने विकलेला हा हातमोजा भविष्यकाळाचाच वेष घेऊन आला होता. टीव्हीभोवती तीन ग्राहक लावायचे. मोज्यातून निघणाऱ्या, आपल्याला ऐकू न येणाऱ्या आवाजावरून हात कुठे आहे ते कळायचं, आणि वीज वाहणाऱ्या शाईच्या पट्ट्यांवरून बोटं किती वाकली ते. मूळ कल्पना प्रयोगशाळांसाठी बनवलेल्या अतिशय महागड्या मोज्याची. मुलांना परवडावा म्हणून इतकी काटछाट झाली की गेम खेळताना तो धड चालेना. मात्र आभासी वास्तवावर प्रयोग करणाऱ्या हौशी मंडळींनी तोच मोजा उघडून कॉम्प्युटरला जोडला. खेळणं म्हणून नापास झालेली वस्तू अवजार म्हणून पास झाली.

माझी सगळ्यात आवडती ॲक्सेसरी मात्र वेगळी दिसतच नाही. फॅमिकॉमच्या दुसऱ्या रिमोटवर स्टार्ट-सिलेक्टची बटणं नाहीत, त्या जागी माइक आहे. त्यात बोललं की तुमचा आवाज टीव्हीतून येतो. १९८३ साली टीव्ही ही फक्त ऐकायची गोष्ट होती, तिला उलटून बोलता येतं हे सुचणं मला थोर वाटतं. १९८६च्या ‘झेल्डा’त मोठ्या कानांचे राक्षस आहेत, ते माइकमध्ये ओरडलं की मरतात. अमेरिकी यंत्रात माइकच नव्हता, पण पुस्तिकेत ‘यांना मोठा आवाज सहन होत नाही’ हे वाक्य राहून गेलं. तिथल्या मुलांनी बासऱ्या वाजवून पाहिल्या, काही झालं नाही. वस्तू गेली, वाक्य उरलं.

*

इथे मी आमच्या पिवळट डब्याकडे परत येतो. या जत्रेतलं आपल्यापर्यंत काय पोहोचलं? नक्कल करणाऱ्यांनी स्वस्त ते ठेवलं आणि बाकीचं गाळलं. बंदूक आली, कारण तिच्यात असतंच काय, एक भिंग आणि चार सुटे भाग. माइक आला नाही. रोबो, मोजा, चष्मा यातलं काहीच आलं नाही. कीबोर्ड आला, तोही थोड्या उशिरा, ‘अभ्यासाचा कॉम्प्युटर’ म्हणून. माझ्या मावसभावाला त्याच्या वडिलांनी दहावीच्या आधी घेऊन दिला होता. त्यातली ‘जी-बेसिक’ ही मूळ ‘फॅमिली बेसिक’चीच नक्कल होती. म्हणजे जपानी आईवडिलांसाठी शिवलेला वेष तसाच्या तसा आपल्या आईवडिलांच्या अंगालाही बसला. भावाने त्यावर स्वतःचं नाव शंभर वेळा छापणारा प्रोग्रॅम लिहिला आणि नंतर वर्षभर कॉन्ट्रा खेळला. आज तो पोटासाठी प्रोग्रॅमच लिहितो. काकांचा पैसा वाया गेला असं म्हणता येत नाही.

पण गाळलेल्या गोष्टींत नावंही होती. त्या ‘इन १’वाल्या कॅसेटींत गेमच्या पहिल्या पानावरची कंपनीची नावं बऱ्याचदा पुसलेली असायची. आपलं बालपण ज्यांनी रंगवलं त्यांना आपण एक पैसा दिला नाही, आणि त्यांना ओळखलंही नाही. योकोई १९९७ साली रस्त्यावरच्या अपघातात गेले, तेव्हा आम्ही त्यांच्या बंदुकीने खेळत होतो. उएमुरा निवृत्तीनंतर क्योटोच्या रित्सुमेइकान विद्यापीठात शिकवत होते. ६ डिसेंबर २०२१ रोजी ते वारले, तेव्हाही मला ते नाव ठाऊक नव्हतं. दुसरीकडे हेही खरं, की मूळ यंत्र घ्यायची ऐपत आणि सोय आमच्या घरात नव्हती. नक्कल नसती तर बदकंही नसती. ही दोन्ही वाक्यं मी शेजारी शेजारी ठेवतो, कारण एकाने दुसरं खोडता येत नाही.

तुमच्या हातातल्या फोनमध्ये माइक आहे, कॅमेरा आहे, हात कसा हलतो ते ओळखणारा सेन्सर आहे. त्या खाचेत जोडलेलं जवळजवळ सगळं त्याने गिळलंय. बंदूक मात्र त्याच्या पोटात नाही. तिला टीव्हीच तो लागतो.

तो शेवटी गावातल्या टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात सापडला. तिथल्या काकांनी सेट टॉप बॉक्स तपासायला चौदा इंची डबा टीव्ही अजून ठेवलाय. त्यांनी आमचा कन्सोल उघडून दाखवला. एवढ्या मोठ्या खोक्यात हाताच्या तळव्याएवढी पाटी, आणि तिच्यावर काळ्या लाखेसारखा एक थेंब. सगळं यंत्र त्या थेंबाखाली. त्यावर कोणाचंच नाव नव्हतं.

भाच्याने काउंटरच्या या बाजूने नेम धरला. पहिलंच बदक पडलं. दुसरंही पडलं. मग त्याला काय सुचलं कोण जाणे, त्याने बंदूक दुकानातल्या पिवळ्या बल्बवर रोखली आणि घोडा ओढला. आमच्या वेळी गल्लीतला एक जण शपथेवर सांगायचा, की बल्बवर मारलं की सगळी बदकं मरतात.

“अंधार दिसायला हवा ना आधी,” भाचाच म्हणाला, आणि गवतातून कुत्रा वर आला.