कॉलेजने भरून घेतलेला ‘स्वतःबद्दलचा फॉर्म’ विद्यार्थ्याला टिकवतो की बाहेर काढतो?

अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात माउंट सेंट मेरीज नावाचं छोटं कॅथलिक विद्यापीठ आहे. 2015 मध्ये तिथे पहिल्या वर्षाला आलेल्या विद्यार्थ्यांना एक प्रश्नावली देण्यात आली. प्रामाणिकपणे उत्तरं द्या, यात चूक-बरोबर काही नसतं, असं त्यांना सांगितलं होतं. प्रश्न त्यांच्या जिद्दीबद्दल होते, उदास वाटण्याबद्दल होते, पैशांच्या चिंतेबद्दलही होते. असा फॉर्म हातात आला तर कुणालाही वाटेल की कॉलेजला आपली काळजी आहे.

जानेवारी 2016 मध्ये ‘द माउंटन एको’ या तिथल्या विद्यार्थ्यांच्याच वृत्तपत्राने बातमी फोडली. या उत्तरांच्या आधारे जे टिकणार नाहीत असं वाटतं, त्या 20 ते 25 जणांना 25 सप्टेंबरच्या आत घरी पाठवायचं, असा अध्यक्ष सायमन न्यूमन यांचा बेत होता.

25 सप्टेंबरच का?

अमेरिकेत कॉलेजचा दर्जा जोखताना ‘रिटेन्शन रेट’ बघतात, म्हणजे पहिल्या वर्षाला आलेल्यांपैकी किती जण दुसऱ्या वर्षी परत आले. हा आकडा सरकारला कळवावा लागतो, आणि रँकिंग करणारेही तो वापरतात. पण ठरावीक तारखेला जे पटावर असतात तेच या हिशोबात धरले जातात. त्याआधी गेलेला विद्यार्थी मोजलाच जात नाही. म्हणजे गळती होणारे आधीच काढून टाकले की गळती आपोआप कमी दिसते! न्यूमन यांच्या अंदाजाने आकडा 4 ते 5 टक्क्यांनी सुधारणार होता.

काही प्राध्यापकांनी यादी द्यायला टाळाटाळ केली, मुदत टळली आणि या योजनेखाली कुणालाही काढलं गेलं नाही. बातमीनंतर मात्र दोन प्राध्यापकांना नोकरीवरून काढण्यात आलं. त्यातले एक त्या वृत्तपत्राचे मार्गदर्शक होते. देशभर ओरड झाल्यावर काही दिवसांतच दोघांना परत बोलावलं आणि 29 फेब्रुवारी 2016 ला न्यूमन यांनी राजीनामा दिला.

मग असे फॉर्म आले कुठून?

खरं तर उलट हेतूने. विद्यार्थी कॉलेज का सोडतात याचं सर्वात गाजलेलं उत्तर समाजशास्त्रज्ञ व्हिन्सेंट टिंटो यांनी 1975 मध्ये मांडलं. त्यांच्या मते फक्त मार्क बघून चालत नाही. विद्यार्थी अभ्यासात आणि तिथल्या माणसांत किती मिसळतो, यावर तो टिकणं अवलंबून असतं. आता ‘मला इथे परकं वाटतं’ हे मार्कशीटवर कुठे दिसणार? ते विद्यार्थ्यालाच विचारावं लागतं.

त्यातून प्रश्नावल्या आल्या. टेक्सास विद्यापीठात क्लेअर एलन वाइनस्टाइन यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेली ‘लॅसी’ 1987 मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्या तिसऱ्या आवृत्तीत 60 विधानं आहेत. ती एकाग्रता, परीक्षेची भीती, वेळेचं नियोजन अशा 10 भागांत विभागलेली आहेत. प्रत्येक भागात इतरांच्या तुलनेत तुम्ही कुठे आहात, हे पर्सेंटाइलमध्ये कळतं. सीईटी दिलेल्यांना पर्सेंटाइल नवा नाही.

बॉल स्टेट विद्यापीठात जन्मलेली ‘मॅप-वर्क्स’ ही पद्धत सत्र सुरू झाल्यावर काही आठवड्यांनी प्रश्न विचारायची. कोण अडचणीत आहे ते लाल, पिवळ्या, हिरव्या रंगांत दाखवायची. ‘कॉलेज स्टुडंट इन्व्हेंटरी’ तर विद्यार्थी मदत घ्यायला किती तयार आहे हेही मोजते. मला हा भाग सगळ्यात कामाचा वाटतो, कारण अडचणीत असलेला प्रत्येक जण मदत मागतोच असं नाही. याच प्रश्नावलीत एक खटकणारी गोष्टही आहे. ‘हा विद्यार्थी सोडून जाण्याची शक्यता किती’ हा आकडा सल्लागाराच्या प्रतीत असतो, विद्यार्थ्याच्या प्रतीत नसतो.

सल्लागार म्हणजे ‘ॲकॅडमिक ॲडव्हायझर’. कोणते विषय घ्यायचे, किती क्रेडिट झेपतील हे अमेरिकेत विद्यार्थी त्यांच्याशी बोलून ठरवतात. ही भेट अनेकदा सह्या घेण्यापुरती उरते. आधी फॉर्म भरलेला असेल तर ‘वेळेच्या नियोजनात तू खूप खाली दिसतोस, नोकरी करतोस का?’ इथून बोलणं सुरू होऊ शकतं.

स्वतःबद्दल सांगितलेलं खरं मानायचं का?

1999 मध्ये कॉर्नेल विद्यापीठातल्या डनिंग आणि क्रूगर यांनी विद्यार्थ्यांना विनोदाची समज, तर्क आणि व्याकरणाच्या चाचण्या दिल्या. सर्वात खालच्या गटाचे गुण सरासरी 12 व्या पर्सेंटाइलवर होते आणि त्यांना स्वतःला वाटत होतं की आपण 62 व्या पर्सेंटाइलवर आहोत. त्यामुळे ‘मला गणित येतं’ या उत्तरावर विसंबून कुणाला अवघड विषय देणं धोक्याचं आहे.

पण ‘मला जमेल’ हा विश्वास ही स्वतःमध्येच कामाची माहिती आहे. 2004 मध्ये स्टीव्हन रॉबिन्स आणि सहकाऱ्यांनी 109 अभ्यास एकत्र तपासले. अभ्यासाबाबतचा आत्मविश्वास, शिक्षणाचं ध्येय आणि अभ्यासाची कौशल्यं यांचा कॉलेजात टिकण्याशी मध्यम पण स्पष्ट संबंध दिसला. मध्यम हा शब्द लक्षात ठेवा. हे गटाबद्दलचं अनुमान आहे. त्यावरून ठरावीक एक मुलगी जाणार की राहणार हे सांगता येत नाही, आणि न्यूमन यांच्या योजनेत नेमकं तेच सांगायचं होतं.

फॉर्मने फरक पडतो की बोलण्याने?

एरिक बेटिंगर आणि रेचेल बेकर यांनी 13,000 हून जास्त विद्यार्थ्यांची माहिती तपासली. त्यातल्या काहींना चिठ्ठी टाकावी तसं निवडून कोच दिला होता. हा कोच वारंवार फोन करून अभ्यास, नोकरी, घरच्या जबाबदाऱ्या यांवर बोलायचा. सहा महिन्यांनी आणि वर्षभरानेही या गटात टिकणाऱ्यांचं प्रमाण सुमारे 5 टक्के बिंदूंनी जास्त होतं. कोचिंग संपल्यावर वर्षाने पाहिलं तेव्हाही फरक टिकून होता. म्हणजे न्यूमन यांना मुलं काढून जेवढी वाढ हवी होती, जवळपास तेवढीच इथे मुलं टिकवून मिळाली.

आपल्याकडे काय?

नॅक मूल्यांकनात किती विद्यार्थ्यांमागे एक मेंटॉर आहे हे कॉलेजांना दाखवावं लागत आलं आहे. त्यामुळे मेंटॉर-मेंटीचा फॉर्म तुम्हीही भरला असेल. पालकांचं उत्पन्न, आवडीनिवडी, अडचणी, खाली सही. तो फाइलला लागल्यावर मेंटॉर पुन्हा कधी भेटले, हे ज्याचं त्याला माहीत.

पुढच्या वेळी असा फॉर्म आला तर भरण्याआधी चार गोष्टी विचारा. हा कोण वाचणार? माझं उत्तर वाचून कुणी मला भेटणार का, आणि कधी? माझ्याबद्दल काढलेला निष्कर्ष मलाही दिसेल का? आणि तब्येतीचे, घरच्या पैशांचे प्रश्न रिकामे सोडले तर चालतील का? 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातही, माहिती कशासाठी घेतोय हे सांगून मगच संमती घ्यावी, असं तत्त्व आहे.