बारीक गोळीची गोष्ट

स्मरणिकेसाठी लिहा असा निरोप आला तेव्हा मला सहली आणि स्नेहसंमेलनं आठवायच्या आधी एनसीसीची .२२ रायफल आठवली. आपल्यापैकी बहुतेकांनी हातात धरलेली पहिली आणि शेवटची बंदूक तीच.

बंदुकीच्या गोष्टी मात्र मी लहानपणापासून ऐकत होतो. माझे आजोबा हाक्याला जायचे. तेव्हाच्या चांदा जिल्ह्यातल्या जंगलात शिकारीचे ब्लॉक असत. परवानेवाले साहेब मचाणावर बसत आणि गावची माणसं डबे बडवत जनावर त्यांच्याकडे हाकलत. ताडोबात १९३५ सालीच शिकारबंदी झाली, १९५५ मध्ये तिथे आजच्या महाराष्ट्रातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं. बाहेरच्या जंगलात मात्र बार वाजतच राहिले. आजोबांनी साहेबाची .३७५ रायफल खांद्यावरून वाहिली, पण एकदाही उडवली नाही. तिची गोळी ३०० ग्रेनची, म्हणजे साधारण १९ ग्रॅम. मग १९७२चा कायदा आला. शिकार थांबली, तशी हाक्याची मजुरीही. "वाघ वाचला, चांगलं झालं. आमचं का?" असं आजोबा शेवटपर्यंत म्हणत.

आपल्या .२२ची गोळी जेमतेम अडीच ग्रॅमची. हवालदारसाहेबांनी समजावलेलं अजून आठवतं. मोठ्या काडतुसाच्या बुडाच्या मध्यभागी टोपी असते, पिन तिच्यावर आपटते. .२२ला टोपीच नाही. पेट घेणारा मसाला बुडाच्या काठात असतो. पिनेने काठ चेपावा म्हणून तो पातळ ठेवतात, त्यामुळे आत दाब कमीच ठेवावा लागतो. धक्का नाही, आवाज फटाक्याएवढा. म्हणून नवशिक्यांना हीच देतात. पण काठात मसाला नीट पसरला नसला की काडतूस फुसकं निघतं.

माझं तिसरं तसंच निघालं. नुसतं 'टक'. मी बावळटासारखा रायफल घेऊन मागे वळू लागलो. हवालदारसाहेबांनी झडप घालून नळी समोर दाबून धरली आणि मोठ्याने तीस आकडे मोजले. कानाखाली कशी वाजवली नाही, याचं आजही नवल वाटतं.

त्याच बारीक काडतुसावर स्वप्निल कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला ऑलिम्पिकचं कांस्यपदक मिळवलं. राही सरनोबतचं २५ मीटरचं पिस्तूलही त्याच काडतुसाचं.

आणि ते आपल्या जंगलातही परत आलं आहे. वाघाला बेशुद्ध करणाऱ्या काही बंदुकांत डार्ट गॅसने सुटतो, तर काहींत .२२च्या बिनगोळीच्या काडतुसाने. तेरा माणसं मारणारा सीटी-१ वाघ ऑक्टोबर २०२२ मध्ये वडसा भागात असाच बेशुद्ध करून पकडला.

आपल्याच तुकडीतला एक जण वनखात्यात गेला. मोहफुलं वेचायला गेलेली बाई मारली गेली, त्या गावात तो डार्टची बंदूक घेऊन पोचला. तिचा म्हातारा सासरा पुढे आला, बंदुकीकडे पाहत म्हणाला, "सुईनं का होते, साहेब?"

मित्र म्हणतो, मला तेव्हा काही बोलता आलं नाही. माझ्या कानात आजोबांचा आवाज आला.