वाणीच्या मर्यादेचे चिंचवडी मूळ

चाकणच्या कारखान्यांकडे सकाळपाळीचे कामगार घेऊन निघालेल्या बसमध्ये एफएमवरील निवेदकाचे जे बोलणे अखंड चालू असते, त्याला आवर घालणाऱ्या कायद्याचे कूळ धुंडाळू गेल्यास ते दिल्लीच्या मंत्रालयापाशी न थांबता चिंचवडगावातील चापेकरांच्या वाड्यापर्यंत जाऊन पोहोचते. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीत दामोदर चापेकरांनी पुण्यातील प्लेग-अधिकारी रँडवर गोळी झाडली. सरकारने तिचे कारण लेखणीत शोधले आणि ‘केसरी’तील मजकुराबद्दल टिळकांना अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. तेवढ्याने समाधान न होऊन १८९८ साली सरकारने भारतीय दंड संहितेतील राजद्रोहाचे कलम विस्तारले आणि त्याच दुरुस्तीने प्रजेच्या वर्गावर्गांत वैर माजविणाऱ्या वाणीसाठी १५३-अ हे नवे कलम निर्माण केले. एका कलमाने राज्यकर्त्याची अब्रू राखावयाची, दुसऱ्याने शेजाऱ्याची. हा भेद मला फार मोलाचा वाटतो.

२३ जुलै १९२७ रोजी मुंबईत नभोवाणी केंद्र सुरू झाले, आणि धर्मभावना बुद्ध्या दुखविण्यास शिक्षा सांगणारे २९५-अ कलमही त्याच वर्षीचे. पुढे आकाशवाणीच्या संहितेने धर्मावर वा जमातीवर हल्ला, अश्लीलता, बदनामी आणि हिंसेस चिथावणी निषिद्ध ठरविली. परंतु तीतच केंद्र वा राज्य सरकारवरील वैरभावी टीकाही वर्ज्य केली, आणि खासगी केंद्रांना परवाने देताना ही अखंड संहिता करारात बांधली. तिचा हा दरबारी अंश स्वतंत्र देशात राहू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

उरलेल्या अंशाची निकड मात्र सप्टेंबर २००७ मध्ये दिसली. गोरखा गायक प्रशांत तमांग दूरचित्रवाणीवरील गायनस्पर्धा जिंकताच दिल्लीतील एका निवेदकाने त्यांच्या समाजाला चौकीदारीवरून हिणवले, आणि सिलिगुडीत दंगल उसळून संचारबंदी पुकारावी लागली. मराठवाडा, विदर्भ, बिहार, ओडिशा येथील माणसे जिथे एकाच पाळीत राबतात, त्या आपल्या पट्ट्यात असा शब्द किती खोल जाईल, हे सांगणे नलगे.

तथापि दुखावल्याची प्रत्येक फिर्याद ग्राह्य धरावी काय? नागपूर उच्च न्यायालयात न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी कसोटी घालून दिली की, शब्द पारखावयाचे ते विवेकी, खंबीर माणसाच्या दृष्टीने, जागोजागी वैरच पाहणाऱ्याच्या नव्हे. जेम्स लेन यांच्या शिवचरित्रावरून पुण्यात नोंदलेला गुन्हा एप्रिल २००७ मध्ये रद्द करताना सर्वोच्च न्यायालयाने याच कसोटीचा आधार घेतला आणि वैर पसरविण्याचा हेतू हाच १५३-अ चा गाभा ठरविला. ते कलम १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत १९६ या क्रमांकाने अमलात आहे.