मधला चौकोन

ऑनलाइन समुपदेशन विद्यार्थ्यांना कितपत पटतं, हे मोजणाऱ्या मराठी प्रश्नावलीत प्रत्येक विधानापुढे बहुधा पाच चौकोन असतात: पूर्ण सहमत, सहमत, तटस्थ, असहमत, पूर्ण असहमत. यातला मधला शब्द मला फार दिवस खटकतो आहे.

या चौकोनांचा जन्म विद्यार्थ्यांमध्येच झाला. १९३२ साली रेन्सिस लिकर्ट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने मतं मोजण्याची ही रीत मांडली, ती कॉलेजातल्या तरुणांवर पारखून. तेव्हा प्रश्न होते आंतरराष्ट्रीय संबंधांचे, वंशभेदाचे. उपचार या मोजमापाखाली आले ते पुढे. १९८० मध्ये अ‍ॅलन काझदिन यांनी विचारलं, की उपचार गुणकारी असेलही, पण तो लोकांना रास्त आणि माणुसकीला धरून वाटतो का? त्यांनीही उत्तरं घेतली पदवीच्या विद्यार्थ्यांकडूनच. पुढे १९८६ मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात ‘अंकल एझ्रा’ सुरू झालं. विद्यार्थी नाव न सांगता संगणकावर अडचण लिहायचा आणि त्याला मिळालेलं उत्तर बाकीच्यांनाही वाचता यायचं. तो उपचार नव्हे, सल्लाच; पण पडद्याआडून मन मोकळं करण्याची एक वाट विद्यापीठातही पडली.

इथे नाशिकलाही ही वाट परकी नाही. इथलं मुक्त विद्यापीठ १९८९ पासून दूर असलेल्या विद्यार्थ्याला शिकवतं आहे. १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालेल्या टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर फोनवरून मराठीतही बोलता येतं.

आता तो मधला शब्द. लिकर्टच्या मूळ मोजपट्टीवर तिथे होतं ‘अजून ठरलेलं नाही’. आपण केलं ‘तटस्थ’, म्हणजे तटावर उभा. गोदाघाटावर एकजण पाण्यात उतरायचंच नाही म्हणून उभा असतो, दुसरा पाय बुडवून पाणी किती गार आहे ते बघत असतो. आपण दोघांना एकाच चौकोनात बसवतो. मला काळजी वाटते ती दुसऱ्याची.

नाशिकच्या मुलांसाठी प्रश्नावली करायची झाली, तर तिथे मी ‘अजून ठरत नाही’ लिहीन आणि खाली एक प्रश्न वाढवीन. कॉलेज रोडच्या एका खोलीत तिघं राहत असतील, तर मनातलं बोलायला फोन घेऊन गच्चीवरच जावं लागतं. अशा मुलाचं ‘नको’ उपचाराला आहे की गच्चीला, हे पाच चौकोनांतून कळत नाही. म्हणून विचारायचं: दार लावून अर्धा तास बोलता येईल अशी जागा तुला आहे का?