भोकरदन म्हणजे कोणते?

अजिंठ्याची डोंगररांग बुलढाणा जिल्ह्याचे घाटावरचा आणि घाटाखालचा असे दोन भाग करते. मोताळा तालुक्यातील धामणगाव बढे हे गाव या रांगेच्या उत्तरेला आहे. रांग ओलांडून दक्षिणेकडे उतरले की भोकरदनचा मुलूख लागतो. त्याच मुलखात असई आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी तेथे आर्थर वेलस्लीने शिंदे-भोसल्यांच्या संयुक्त फौजेचा पराभव केला आणि पुढच्या तीन महिन्यांत वऱ्हाडाचे भवितव्य ठरले. डिसेंबरातील देवगावच्या तहाने नागपूरकर भोसल्यांनी वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख सोडला आणि तो निजामाकडे गेला. निजाम आणि भोसले यांचा जो दुहेरी अंमल या भागाने पिढ्यान्‌पिढ्या सोसला होता, तो असा संपला. पुढे १८५३ मध्ये हाच मुलूख निजामाकडून इंग्रजांच्या हाती आला, हे सर्वांना ठाऊक आहे.

असईची लढाई शौर्यासाठी आणि तोफांसाठी सांगितली जाते. आम्हांला मात्र ती एका शब्दाच्या अर्थासाठी महत्त्वाची वाटते. बदनापूर येथे २१ सप्टेंबरला वेलस्ली आणि कर्नल स्टीव्हन्सन यांनी असे ठरवले होते, की दोघांनी दोन वाटांनी जायचे आणि २४ तारखेला शत्रूवर मिळून हल्ला करायचा. हरकाऱ्यांनी बातमी आणली होती, की शत्रूचा तळ भोकरदनास आहे. प्रत्यक्षात २३ तारखेला वेलस्ली मुक्कामाला पोचतो तो शत्रू अवघ्या सहा मैलांवर, भोकरदनपासून असईपर्यंत पसरलेला. स्टीव्हन्सन जवळ नव्हता. वेलस्लीने न थांबता एकट्यानेच लढाई दिली. ती जिंकली, पण दीड हजारांहून अधिक माणसे मेली वा जखमी झाली. हरकारे खोटे बोलले नव्हते, हे वेलस्लीनेच पुढे पत्रात स्पष्ट केले. त्यांच्या बोलण्यातले भोकरदन म्हणजे भोकरदनचा परगणा. ऐकणाऱ्याने घेतले ते भोकरदन गाव. आजही खेड्यातला माणूस परमुलखात गेला, की आपल्या गावाचे नाव न सांगता तालुक्याचे सांगतो. ही बोलण्याची रीत ज्याला माहीत नाही, त्याच्या हाती खरी बातमीसुद्धा खोटी ठरते.

बातमी ऐकणाऱ्यांत एक तरुण होता, माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन. वयाची चोवीस वर्षेही त्याने पुरी केली नव्हती. जॉन माल्कम आजारी पडल्यामुळे त्याच्या जागी हा वेलस्लीच्या छावणीत आला होता. दुभाषेपण, राजकीय पत्रव्यवहार आणि हरकाऱ्यांच्या खबरा ऐकून, ताडून, सेनापतीपुढे मांडणे अशी त्याची कामे. विद्यापीठीय इतिहासात आपल्याला तो भेटतो तो मुंबईचा गव्हर्नर, शिक्षणाचा पुरस्कर्ता आणि इतिहासकार म्हणून. त्याच्या आयुष्याचा पूर्वार्ध, म्हणजे बातमीच्या खात्यातली नोकरी, पाठ्यपुस्तकात एका ओळीत आटोपते. गुप्तहेर म्हटले की आमच्या विद्यार्थ्यांच्या डोळ्यांपुढे बाबूराव अर्नाळकरांचे नायक किंवा चित्रपटातले बंदूकधारी येतात, आणि त्यात त्यांचा दोष नाही. खरा वरिष्ठ बातमी-अधिकारी बंदूक फारशी हातात घेत नाही. तो ऐकतो, विचारतो, तीन माणसांचे म्हणणे एकमेकांशी ताडून पाहतो आणि मग लिहितो. एका अर्थी तो आपल्याच जातीचा, म्हणजे वाचकच असतो. भारत सरकारचे गुप्तवार्ता खाते आपला उगम १८८७ मध्ये स्थापन झालेल्या विशेष शाखेत शोधते. त्याआधीच्या शतकात मात्र असे वेगळे खाते नव्हते. रेसिडेंट हाच राजदूत आणि तोच बातमीचा प्रमुख. या दृष्टीने पाहिले तर एल्फिन्स्टनची कारकीर्द ही मराठी मुलखातली गुप्तवार्ता अधिकाऱ्याची पहिली सलग आणि कागदोपत्री पुरती नोंदलेली कारकीर्द म्हणता येईल.

तिचे टप्पे थोडक्यात असे. १७९६ मध्ये कंपनीच्या नोकरीत हिंदुस्थानात. १८०१ पासून पुण्याच्या रेसिडेन्सीत बॅरी क्लोजच्या हाताखाली. मग असई, अडगाव, गाविलगड. १८०४ पासून नागपूरचा रेसिडेंट. १८०८ मध्ये अफगाण दरबाराकडे वकील. १८११ पासून पुण्याचा रेसिडेंट. १८१७-१८ च्या युद्धानंतर दख्खनचा कमिशनर. आणि १८१९ ते १८२७ मुंबईचा गव्हर्नर. यातला अफगाण टप्पा फार बोलका आहे. काबूलच्या राज्याविषयीचे त्याचे पुस्तक १८१५ मध्ये निघाले आणि दीर्घकाळ प्रमाण मानले गेले. पण एल्फिन्स्टनने काबूल कधी पाहिलेच नव्हते! शाह शुजाची भेट पेशावरला झाली आणि वकिलात तेथूनच परतली. पुस्तक उभे राहिले ते व्यापारी, प्रवासी आणि दरबारी माणसांच्या तोंडून गोळा केलेल्या माहितीवर. बरोबरच्या अधिकाऱ्यांना एकेक विषय वाटून दिला होता. छावणीतली हरकाऱ्यांची तपासणी आणि हा ग्रंथ यांची पद्धत एकच आहे, फक्त कागद जाड झाला.

पुण्यातली सहा-सात वर्षे ही या कारकिर्दीतली सर्वांत कठीण आणि आपल्याला सर्वांत जवळची. बडोद्याचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन यांचा २० जुलै १८१५ रोजी पंढरपुरात खून झाला. एल्फिन्स्टनने पुरावे जमवून त्र्यंबकजी डेंगळे यांच्यावर ठपका ठेवला आणि दुसऱ्या बाजीरावाला त्यांना इंग्रजांच्या स्वाधीन करणे भाग पाडले. त्र्यंबकजींना ठाण्याच्या किल्ल्यात ठेवले. फितुरी होऊ नये म्हणून पहाऱ्यावर गोरे शिपाई नेमले. सप्टेंबर १८१६ मध्ये त्र्यंबकजी पळाले. एका इंग्रज अधिकाऱ्याकडे मराठा मोतद्दार चाकरीला होता. घोडा फिरवता फिरवता तो त्यांच्या खिडकीखालून गाणे म्हणत जाई आणि त्या गाण्यातच पळण्याचा बेत होता, अशी हकीकत ग्रँट डफ आणि बिशप हीबर यांच्या काळापासून सांगितली जाते. हीबरने तर त्या गाण्याचे इंग्रजी पद्यरूपही दिले. त्यात रंजनाचा भाग किती हा प्रश्न वेगळा. पण घटनेचा गाभा विचार करण्याजोगा आहे. देशी शिपाई नको म्हणून गोरा पहारा ठेवला आणि त्या पहाऱ्याला मराठी येत नव्हते. असईला शब्द ऐकला पण अर्थ चुकला. ठाण्याला शब्द कानांवर रोज पडत होता, पण ते केवळ गाणे वाटले. लोकगीताच्या अभ्यासकांनी या मोतद्दाराची दखल घ्यायला हवी होती. त्याचे नाव मिळत नाही.

एल्फिन्स्टन यातून शिकला. १८१७ च्या शरद ऋतूत बाजीराव कंपनीच्या पलटणी फोडू पाहत होता, तेव्हा त्याच्या वाड्यातल्या हालचाली रेसिडेन्सीत कळत होत्या. ज्यांच्यावर बाजीरावाने विश्वास टाकला त्यांपैकी यशवंतराव घोरपडे यांनी ही बातमी इंग्रजांना पोचवली. दुसरे नाव बाळाजीपंत नातू यांचे. ५ नोव्हेंबरला एल्फिन्स्टन संगमावरची रेसिडेन्सी सोडून खडकीकडे गेला. त्याच दिवशी रेसिडेन्सी जळाली आणि तिच्याबरोबर त्याचा ग्रंथसंग्रह व कागदही. लढाई मात्र इंग्रजांनी जिंकली. १७ नोव्हेंबरला शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढवले ते नातूंनी. पुढे साताऱ्याच्या राजकारणात आणि १८३९ मध्ये प्रतापसिंह महाराजांना पदच्युत करण्याच्या प्रकरणातही त्यांचे नाव येते. मराठी मनाने नातूंना क्षमा केलेली नाही आणि करावी असे आमचे म्हणणेही नाही. एवढेच विचारावेसे वाटते, की नातूंचे नाव शिवीसारखे उच्चारणारे आपण त्याच बातम्यांवर उभी राहिलेली साहेबाची कारकीर्द मात्र आदराने महाविद्यालयाच्या पाटीवर कशी काय वाचतो? मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयाचा उगम १८२७ मध्ये त्याच्या निरोपाच्या वेळी लोकांनी जमवलेल्या वर्गणीत आहे. वर्गणी देणारे लबाड नव्हते. पुण्याची संस्कृत पाठशाळा, मुंबईची शाळापुस्तक मंडळी यांचे ऋण खरेच होते. एकाच माणसाची ही दोन्ही कामे आहेत आणि त्यांतले एक पुसून दुसरे वाचता येत नाही.

साहित्याच्या अभ्यासकाला येथे थांबावेच लागते. जिंकलेल्या मुलखाविषयीचा एल्फिन्स्टनचा अहवाल १८१९ चा. गावगाडा, पाटील-कुलकर्णी, वतने, पंचायत यांचे त्यातले वर्णन आजही उपयोगी पडते. ते कोणी, कोणासाठी आणि कशा पद्धतीने मिळवले हे मात्र आपण वर्गात क्वचितच सांगतो. त्याच्याच हाताखालचा अधिकारी जेम्स ग्रँट डफ. साताऱ्याचा कारभार पाहताना त्याने दप्तरे चाळली, माणसांना विचारले आणि १८२६ मध्ये मराठ्यांचा तीन खंडांचा इतिहास प्रसिद्ध केला. पेशव्यांच्या वाड्यातली फितुरी तो इतक्या तपशिलाने सांगू शकतो, कारण ती ज्या टेबलावर पोचत होती त्याच्या शेजारीच तो बसत होता. म्हणजे मराठ्यांचा पहिला सविस्तर आधुनिक इतिहास हा एका बातमीखात्याच्या वर्तुळात लिहिला गेला. १८६७ मध्ये नीलकंठ जनार्दन कीर्तने या तरुणाने डफवर टीका केली आणि १८९८ पासून राजवाड्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' छापायला घेतली. त्यांच्या त्वेषामागे हे भान होते, असे आम्हांला वाटते. परक्याने आपल्याविषयी जमवलेल्या माहितीला आपला इतिहास म्हणायचे की नाही, हा तो प्रश्न.

आपल्याकडे बातमीचे खाते नव्हते असे नाही. किंबहुना शब्दच पुष्कळ आहेत: हेर, जासूद, हरकारा, नजरबाज, बातमीदार. जासूद म्हणजे हेर आणि पत्र पोचवणाराही. हरकारा शब्दात तर पडेल ते काम करणारा एवढाच अर्थ. बातमीदार आता वर्तमानपत्रात गेला. सभासदाच्या १६९७ च्या बखरीत बहिर्जी जाधव नाईक भेटतात. सुरतेची खबर त्यांची. १६७९ मध्ये जालना लुटून परतताना मोगल फौजेने गाठले, तेव्हा शिवाजी महाराजांना आडवाटेने पट्टा किल्ल्यावर नेले तेही त्यांनीच. जालना आमच्या भागाच्या शेजारचे. त्या आडवाटा कोणत्या डोंगरांतून जात असतील याची कल्पना येथल्या माणसाला सहज येते. पण बहिर्जींविषयी सभासद देतो ती मोजकी वाक्ये. बाणूरगडावर त्यांची समाधी दाखवतात. बाकी सारे कादंबरीकारांनी भरून काढले आहे.

पेशवाईत हे काम वकिलांकडे आले. दिल्लीचे हिंगणे, निजामाच्या दरबारातले गोविंदराव काळे ही माणसे अधिकाऱ्यांच्या बरोबरीची, आणि त्यांची पत्रे शिल्लक आहेत. दरबारात कोण कोणाजवळ बसला, कोणाची मुद्रा उतरली, कोणत्या सरदाराचा पगार थकला हे सांगणारे ते गद्य आपण 'ऐतिहासिक पत्रव्यवहार' या नावाखाली शिकवतो आणि त्यातल्या फारसी शब्दांचे अर्थ विचारून प्रश्नपत्रिका संपवतो. मूळ प्रश्न, हे पत्र लिहिणाऱ्याला ही बातमी कोणी दिली, हा विचारलाच जात नाही. तो विचारून पाहिला की पत्राचा पोतच बदलतो. 'खात्रीलायक कळले' आणि 'लोक बोलतात' यांतले अंतर दिसू लागते. लिहिणारा कुठे सावध आहे, कुठे धन्याला आवडेल तेच लिहितो आहे, हे उमगते. मराठी गद्यातील निवेदकाच्या विश्वासार्हतेची चर्चा कादंबरीपासूनच का सुरू व्हावी?

असईकडे परत जायला हवे, कारण त्या दिवसाची एक गोष्ट राहिली. शत्रू समोर होता आणि मध्ये खेळणा नदी. वाटाड्यांनी सांगितले, की येथे उतार नाही. वेलस्लीने दुर्बिणीतून पाहिले तर नदीच्या दोन्ही काठांवर समोरासमोर दोन गावे होती. एवढी जवळची गावे उताराशिवाय वसणार नाहीत, असा तर्क करून त्याने माणूस पाठवला. उतार निघाला आणि तेथूनच फौज पलीकडे गेली. या तर्काचे कौतुक आजवर अनेकांनी केले आहे आणि वेलस्लीला स्वतःलाही त्याचा अभिमान होता. वाटाड्यांचे काय? ते त्याच पंचक्रोशीतले असतील तर रोज ज्या नदीतून बैलगाडी जाते तिचा उतार त्यांना माहीत नसेल? इंग्रजी वृत्तांतांनी त्यांना अज्ञानी ठरवून विषय संपवला. ते अज्ञानी होते, की परक्या फौजेला वाट दाखवायची नाही एवढे त्यांनी मनाशी ठरवले होते, हे त्यांच्या बाजूने कोणी लिहून ठेवलेले नाही.