कुलूप शाबूत, खजिना उघडा

७ एप्रिल २०१४ रोजी ‘हार्टब्लीड’ हे नाव जगाला कळलं. असंख्य सर्व्हर गुप्त संपर्कासाठी सी भाषेतली ‘ओपनएसएसएल’ लायब्ररी वापरत होते. जोडणी जिवंत आहे का, हे पाहायला एक बाजू छोटा संदेश आणि त्याची लांबी पाठवायची. दुसरी तेवढाच मजकूर परत करायची. २०१२च्या १.०.१ आवृत्तीत ती लांबी कुणी पडताळतच नव्हतं. एक अक्षर पाठवून ‘चौसष्ट हजार’ म्हणा, सर्व्हर मेमरीतलं शेजारचंही देऊन टाकायचा: पासवर्ड, प्रसंगी खासगी किल्लीसुद्धा. सी भाषा अशा वेळी आपणहून अडवत नाही. संकेतलिपी कुणी फोडलीच नव्हती! दुरुस्ती एवढीच, की लांबी जुळली नाही तर संदेश टाकून द्यायचा. फौजेत पहारेकऱ्याला पहिला धडा हाच असतो: सांगितलेलं मानू नकोस, तपास.